फ्लॅटमध्ये सरावासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रम किट: निवड पायापासून करा

इलेक्ट्रॉनिक ड्रम किटच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेली असते ती आवाजांची संख्या. अमुकशे आवाज, इतकी किट्स, इतकी तयार गाणी. घरी सराव करणाऱ्याला त्यातले आठ-दहा आवाज लागतात, बाकीचे पहिल्या आठवड्यात ऐकून संपतात. किट वर्षानुवर्षं वाजणार की सहा महिन्यांत जुन्या बाजारात जाणार, हे दोनच गोष्टींवर ठरतं: किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल कसं आहे आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं. म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी जमीन, मग पाय, मग हात, आणि आवाज अगदी शेवटी.

ऑक्टोपॅड नको का?

ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टीमुळे आपल्याकडे ऑक्टोपॅड घरोघरी माहीत आहे. त्यामुळे 'ड्रम शिकायचेत' म्हटलं की बरेच जण तोच सुचवतात. एका पाटीवर आठ पॅड, सगळं काम दोन हातांचं, किकसुद्धा स्टिकनेच. ढोलकी, ताशा, संबळ असे ठेके गाण्याबरोबर वाजवायचे असतील तर ऑक्टोपॅडला तोड नाही. ड्रमसेट शिकायचा असेल तर मात्र अर्धी विद्या पायांत आहे आणि ती त्यावर येत नाही. रोलँडच्या एसपीडी-३० सारख्या ऑक्टोपॅडला बाहेरून किक आणि हाय-हॅटची (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीची) पेडलं जोडता येतात, पण तोवर खर्च साध्या किटच्याही वर गेलेला असतो.

मूल आठ-नऊ वर्षांचं असेल आणि आवड टिकते का एवढंच पाहायचं असेल, तर यामाहाच्या डीडी-७५ सारखा टेबलावर ठेवायचा संच चालतो. त्यात आठ पॅड आणि दोन पेडलं असतात. गुंडाळून ठेवायचे सिलिकॉनचे ड्रम खेळणं म्हणून घ्या, सरावासाठी नको.

जमीन

हेडफोन लावला की शेजाऱ्यांचा प्रश्न सुटला, हा नवख्यांचा सगळ्यात महागडा गैरसमज. पॅडवर स्टिक पडल्याचा आवाज हवेतून जातो. दार लावलं की तो बराच अडतो. खरा त्रास किकचा. बीटर, म्हणजे पेडलची हातोडी, पॅडवर आदळतो, तो धक्का स्टँडच्या पायांतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि तिथून खालच्या घराच्या छतात उतरतो. वाजवणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो, कारण त्याच्या कानात हेडफोन असतो. भिंतीला फोम चिकटवणं, जाड पडदे, अंड्यांचे ट्रे यांचा या दणक्यावर काहीही परिणाम होत नाही.

किट घेण्याआधी एक चाचणी करा. जिथे किट ठेवायचं त्या जागी बसून टाचेने जमिनीवर एकसारखे ठोके द्या आणि घरातल्या कुणाला तरी खालच्या घरात उभं करा. खोलीच्या मधोमध स्लॅब सगळ्यात जास्त हलतो, बीम-कॉलमजवळ कमी. त्यामुळे कोपरा चांगला. मात्र किटचा कुठलाही भाग भिंतीला टेकता कामा नये, वीतभर जागा सोडा.

तळमजला किंवा बंगला असेल तर जाड रबरी मॅट पुरते. वरच्या मजल्यावर नुसत्या गालिच्याने भागत नाही. गालिचा किट घसरू देत नाही, दणका मात्र जवळजवळ तसाच जाऊ देतो. जगभरचे ड्रमर यावर एक स्वस्त तोड वापरतात, टेनिसच्या चेंडूंवर तरंगणारा पाट. तो असा करा:

१. १८ किंवा १९ मिमीचं ८ × ४ फुटी प्लायवूड घ्या आणि दुकानातच मधोमध कापून घ्या. ४ × ४ फुटांच्या दोन फळ्या होतील.

२. वरच्या फळीवर पाच-पाचच्या पाच रांगांत खुणा करा. कडेपासून ४ इंच सोडा, दोन खुणांमध्ये १० इंच ठेवा. ४८ इंचांत बरोबर बसतं.

३. दोन्ही फळ्या एकावर एक क्लॅम्पने आवळा आणि सुताराकडून २ इंची होल सॉने आरपार २५ भोकं पाडून घ्या. एकदमच पाडली की वरची-खालची भोकं जुळतात.

४. खालच्या फळीच्या भोकांत चेंडू ठेवा, वरून दुसरी फळी बसवा. चेंडूचा व्यास साधारण ६६ मिमी असतो, दोन्हीकडे तो सेंटीमीटरभर आत जातो. मध्ये चारेक सेंटीमीटरची फट राहते. वजन आल्यावर ती थोडी कमी होते.

५. वर रबरी पाठीचा गालिचा टाका.

चेंडू साधे, हलके घ्या. बॉक्स क्रिकेटचे जड टेनिस बॉल कडक असतात, ते दबत नाहीत आणि दणका खाली जाऊ देतात. वापरलेले चेंडू चालतात, फक्त सगळे सारखेच नरम हवेत, नाहीतर पाट एका बाजूला कलतो. माणूस, स्टूल, किट आणि वरची फळी मिळून शंभर-सव्वाशे किलो भरतं, म्हणजे चेंडूमागे चार-पाच किलो. स्टूलही पाटावरच हवं, नाहीतर पाट हलला की पेडल पायापासून सरकत राहतं. रॅक (पॅड अडकवायची चौकट) ४ फुटांत मावत नसेल तर दोन प्लायवूड घेऊन पाट ५ किंवा ६ फूट रुंद करा, चेंडूंमधलं अंतर तेच ठेवा. वर्ष-दोन वर्षांत चेंडू मऊ पडतात. फट कमी दिसू लागली की बदला.

वेळेचंही भान ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पण खालच्या आजींची झोप डेसिबलमध्ये मोजली जात नाही. पुण्यात दुपारी एक ते चार वाजवणार असाल तर पाट दोन थरांचा करा.

पाय: किक

परवडणाऱ्या किट्समध्ये किकचे तीन प्रकार दिसतात.

पहिला, बीटर नसलेलं पेडल. पायाखालची पाटी दाबली की आतला सेन्सर ठोका ओळखतो. यामाहा डीटीएक्स४०२के सोबतचं केयू१००, किंवा अलेसिस टर्बो मेशचं पेडल याच जातीचं. आवाज आणि दणका दोन्ही सगळ्यात कमी. तोटा असा की बीटर पॅडवरून उसळून परत येण्याचा जो अंदाज पायाला लागतो तो इथे येत नाही. यावर दोन वर्षं काढलेला वादक खऱ्या किटवर बसला की दुहेरी ठोके अडखळतात.

दुसरा, रबर किंवा फोमचा उभा टॉवर आणि त्यापुढे खरं पेडल. तिसरा, मेशचा (ताणलेल्या जाळीचा) किक पॅड आणि खरं पेडल. अलेसिस नायट्रो मॅक्समध्ये किकला ८ इंची मेश पॅड मिळतो. खरं पेडल असलं की पायाची सवय थेट खऱ्या ड्रमवर चालते, पुढे पेडल बदलताही येतं. पण दणका याच दोन प्रकारांत.

आमचा कौल: खाली कुणी राहत नसेल किंवा तुम्ही पाट बनवणार असाल, तर खरं पेडल असलेलं किटच घ्या, दोन-चार हजार जास्त गेले तरी. भाड्याचा फ्लॅट, कुरकुरणारे शेजारी आणि पाट ठेवायला जागा नाही, असं असेल तर बीटर नसलेलं घ्या आणि महिन्यातून दोन-तीनदा तासाच्या भाड्याने जॅम रूममध्ये खऱ्या किटवर पाय घोळवा.

पुढे डबल पेडल लावायचा विचार असेल तर दुकानातच पॅडची रुंदी पाहा. दोन बीटर शेजारीशेजारी पॅडवर पडले पाहिजेत. अरुंद टॉवरवर एक बीटर कडेला निसटतो आणि त्याचा ठोका अर्धाच नोंदला जातो.

दुसरा पाय: हाय-हॅट

स्वस्त किटचं पितळ इथे उघडं पडतं. दुकानात पेडल पूर्ण सोडून, पूर्ण दाबून आणि मधे धरून वाजवा. मधल्या जागी अर्धवट उघड्या हाय-हॅटचा सळसळता आवाज यायला हवा. नुसतं उघडं आणि बंद एवढंच ओळखत असेल तर रॉकचे साधे ठेकेही बोथट वाटतात. मग स्टिक न लावता नुसतं पेडल दाबा, 'चिक' आवाज आला पाहिजे. हळू दाबल्यावर आणि झटक्यात दाबल्यावर त्याच्या जोरात फरक पडतो का तेही ऐका.

हात: मेश की रबर

मेश म्हणजे घट्ट ताणलेली जाळी. रोलँडने १९९७ साली टीडी-१० सोबत जाळीचे पॅड आणले, तेव्हा ते फक्त व्यावसायिकांना परवडत. आज सुरुवातीच्या किटमध्येही मिळतात. जाळी ताणायला ड्रम की (बोल्ट फिरवायची चावी) लागते, उसळी कमी-जास्त करता येते आणि आवाज रबरापेक्षा मऊ येतो. रबर टिकाऊ, त्याला देखभाल जवळजवळ नाही, पण टकटक जास्त आणि तासभर वाजवल्यावर मनगटाला जाणवतं.

पैसे मर्यादित असतील तर निदान स्नेअर (गुडघ्यांमधला मुख्य ड्रम) मेशचा हवा, कारण सरावाचा मोठा भाग त्याच्यावर जातो. रोलँडच्या टीडी-०२केव्हीमध्ये अशीच तडजोड आहे, स्नेअर मेशचा आणि टॉम (स्नेअरशिवायचे बाकीचे हाताचे ड्रम) रबरचे. स्नेअर ८ इंचापेक्षा १० इंचाचा बरा; नवख्याची स्टिक कडेवर पडते आणि लहान पॅडवर ते सारखं होतं. स्नेअरला दोन झोन आहेत का तेही विचारा. मधोमध एक आवाज, कडेवर वेगळा, एवढं हवंच. साइड-स्टिक, म्हणजे स्टिक आडवी ठेवून कडेवर मारायचा ठोका, शिकताना लागतं. टॉमला एकच झोन असला तरी अडत नाही.

मेशच्या पॅडखाली बहुधा मधोमध सेन्सर असतो. त्याच्या नेमक्या वर मारलं की आवाज एकदम मोठा होतो. दुकानात मधून कडेकडे सारख्याच जोराने ठोके देत जा. आवाज हळूहळू कमी झाला तर ठीक, मध्येच उडी मारली तर रोज तेच ऐकावं लागेल.

सिम्बलचं थोडक्यात: एक क्रॅश (जोराच्या ठोक्याची झांज) आणि एक राइड (ताल चालू ठेवायची झांज) असली की सुरुवात होते. क्रॅश वाजवून कड बोटांनी धरल्यावर आवाज लगेच थांबला पाहिजे. राइडवर बेलचा (मधल्या घुमटाचा) वेगळा आवाज असला तर उत्तम, नसला तरी वर्षभर चालतं.

मॉड्यूल

मॉड्यूल म्हणजे पॅडवरच्या ठोक्यांना आवाज देणारी पेटी. त्यात आवाज किती आहेत हे पाहू नका, हे पाहा: प्रत्येक पॅडचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो का; मेट्रोनोम (लयीची टिकटिक) किटच्या आवाजावर ऐकू येईल इतका मोठा होतो का; मोबाइलवरचं गाणं आत घ्यायला सॉकेट आहे का; दुसरा क्रॅश जोडायला मोकळी जागा आहे का; आणि यूएसबी.

यूएसबी असेल तर किट लॅपटॉपला मिडीने (ठोक्यांची माहिती पाठवायच्या पद्धतीने) जोडता येतं आणि मोफत मिळणारे ड्रम सॉफ्टवेअरही मॉड्यूलपेक्षा चांगले वाजतात. म्हणजे आज ज्या आवाजांसाठी जास्त पैसे देणार होतात ते उद्या फुकट येतात. पॅड आणि पेडल मात्र फुकट बदलत नाहीत. जोडल्यावर ठोका उशिरा ऐकू आला तर सॉफ्टवेअरमध्ये बफर (आवाज सोडण्याआधी साठवायचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा, ४४.१ किलोहर्ट्झला तो सुमारे ३ मिलिसेकंद होतो. विंडोजवर हा उशीर कमी करणारा असिओ ड्रायव्हर लागतो. चुकीचा ड्रम वाजत असेल तर प्रत्येक ड्रमचा मिडीतला नोट क्रमांक तपासा: किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पेडल ४४, उघडा ४६, क्रॅश ४९, राइड ५१.

ब्लूटूथ असेल तर ते मोबाइलवरचं गाणं मॉड्यूलमध्ये आणण्यापुरतं. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायला जाऊ नका. ठोका मारल्यावर आवाज इतका मागून येतो की ताल धरताच येत नाही.

बजेट कसं वाटायचं

किटच्या किमतीत बहुधा स्टूल आणि हेडफोन नसतात. काही किटमध्ये किकचं पेडलही वेगळं घ्यावं लागतं, टॉवर दिसला म्हणून पेडल आलं असं धरू नका. बिल करण्याआधी खोक्यात काय-काय आहे ते वाचा. एकूण पैशांतला पाचवा हिस्सा या वरच्या सामानासाठी बाजूला काढा. पन्नास हजार असतील तर चाळीसचं किट बघा, पंचेचाळीसचं नको.

स्टूल घरातलं चालत नाही. जेवणाच्या खुर्चीवर बसून पाठ महिनाभरात बोलू लागते. उंची बदलणारं, पायांना दुहेरी पट्ट्या असलेलं भक्कम ड्रम स्टूल घ्या.

हेडफोन तारेचे, कान पूर्ण झाकणारे. तार तीन मीटरची असली तर वाजवताना अडकत नाही. इम्पेडन्स (विजेला होणारा अडथळा) ३२ ते ८० ओहममध्ये ठेवा, २५० ओहमचे मॉड्यूलवर पुरेसे मोठे होत नाहीत. मोठा ६.३ मिमी जॅक लागतो की छोटा ३.५ चा, ते पाहून कन्व्हर्टर आणा.

स्टिक ५ए मापाच्या, लहान हातांना ७ए. जाळीवर नायलॉनच्या टोकाच्या बऱ्या. लाकडी टोक चिरलं की त्याची कुसळं जाळी फाडतात, त्यामुळे चिरलेली स्टिक त्या दिवशीच बाद करा.

जोडणी

रॅक जमिनीवर आडवा पसरून सगळे क्लॅम्प आधी हातानेच बसवा, पाना शेवटी फिरवा. मग स्टूल. बसल्यावर मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी; गुडघा कमरेच्या वर आला तर उंची वाढवा. दोन्ही पाय सहज पडतील तिथे पेडलं येऊ द्या आणि किट त्यांच्याभोवती मांडा. बहुतेक जण रॅक आधी लावतात आणि मग पाय ओढूनताणून पेडलापर्यंत नेतात. स्नेअर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, मांडीच्या थोडा वर, म्हणजे कडेवर मारताना बोटं मांडीवर आपटत नाहीत. टॉम तुमच्याकडे थोडे कललेले.

केबल प्रत्येक सांध्याशी थोडी सैल सोडून वेल्क्रोने बांधा. सिम्बलखालचा स्टॉपर विसरू नका, नाहीतर सिम्बल गोल फिरते आणि जॅक उखडते. जाळी ताणताना एका बोल्टनंतर समोरचा बोल्ट, प्रत्येकाला अर्धा वळसा. सैल जाळीवर स्टिक सेन्सरला भिडते, फार ताणलेलीवर खऱ्या ड्रमपेक्षा जास्त उसळते आणि हात आळशी होतो.

अडॅप्टर किटसोबतचाच वापरा. पिन बसते म्हणून दुसरा लावला आणि पोलॅरिटी (धन-ऋण टोकं) उलटी असली तर मॉड्यूल जाऊ शकतं.

पहिल्या महिन्यात येणाऱ्या तक्रारी

स्नेअर मारला की टॉमही वाजतो. धक्का रॅकमधून पोचतोय. आधी क्लॅम्प आवळा, पॅड एकमेकांना टेकत नाहीत ना पाहा, मगच मॉड्यूलमधलं 'क्रॉसटॉक' वाढवा. उलट केलंत तर हलके ठोके गिळले जातील.

एका ठोक्याला दोन आवाज. जाळी सैल आहे. ती ताणा; तरी राहिलं तर 'रिट्रिगर' वाढवा.

हलका ठोका येतच नाही. 'थ्रेशोल्ड', म्हणजे ठोका नोंदायची किमान मर्यादा, जास्त आहे. न मारताही आवाज उमटत असेल तर तो कमी पडतोय.

सगळे ठोके सारखेच मोठे. 'सेन्सिटिव्हिटी' जास्त. मिडीत जोर १ ते १२७ मोजला जातो. मध्यम ठोका ७०-८० च्या आसपास आणि पूर्ण जोराचा १२७ ला टेकेल अशी ठेवा.

कडेचा आवाज गेला. बहुधा बदललेली केबल मोनो आहे. दोन झोनच्या पॅडला स्टिरिओ जॅक लागतो, त्यावर दोन काळे पट्टे दिसतात.

हाय-हॅट बंदच होत नाही. पेडलवरचा पाय काढून मॉड्यूल बंद-चालू करा, काही मॉड्यूल चालू होतानाच पेडलची जागा मोजून घेतात. मग केबल बघा.

किक पुढे सरकत जातो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर हे होणारच. रबरी पाठीच्या गालिच्यावर ठेवा आणि टॉवरच्या पुढे वेल्क्रोची पट्टी लावा.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात जॅक खरखरू लागतात आणि बोल्ट गंजतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा जॅकवर मारून तो दोन-चार वेळा आत-बाहेर करा; मॉड्यूलवर झाकण आणि शेजारी सिलिका जेलच्या पुड्या.

जुनं किट घेताना

सरावापुरतं जुनं किट बरंच स्वस्त पडतं, पण स्वतःचा हेडफोन आणि स्टिक घेऊन जा. प्रत्येक पॅडवर दहा हलके आणि दहा जोराचे ठोके. वाजवत असताना दुसऱ्या हाताने केबल जॅकपाशी हलवा. आवाज तुटला तर तार स्वस्तात बदलता येते, पॅडचं सॉकेट सैल असेल तर दुरुस्ती करावी लागते. सिम्बलच्या रबराला कडेला चीर आहे का, जाळी मधोमध पांढुरकी झाली आहे का, किक पॅडला खड्डा पडला आहे का, ते उजेडात नेऊन बघा. मूळ अडॅप्टर आणि ड्रम की मागून घ्या. नायट्रोसारख्या किटमध्ये सगळ्या तारा एकाच जाड केबलमध्ये एकत्र येतात. त्या केबलच्या मोठ्या प्लगची एकही पिन वाकलेली नको, कारण एक पिन म्हणजे एक पॅड. आणि मॉड्यूलचा स्क्रीन अंधुक असेल, बटणं दोनदा दाबावी लागत असतील, तर किमतीवर घासाघीस करू नका, दुसरं किट शोधा.